डायरेक्ट करून बघणं, डायरेक्ट करून ठेवणं

लहान मुलांच्या बॅटरीवर चालणाऱ्या जीपमध्ये बिघडण्यासारखे भाग फार नसतात. सीटखाली एक बॅटरी, तिच्या लाल वायरवर फ्यूज, चार्जिंगचे सॉकेट, पायाखालचे पेडल, पुढे-मागे करणारे बटण, रिमोटचा हुकूम ऐकणारी रिसीव्हरची डबी, आणि मागच्या दोन चाकांना एकेक मोटर व एकेक गिअर बॉक्स. साखळी सरळ आहे. तरीही ही वाहने दुरुस्तीच्या दुकानापेक्षा माळ्यावर जास्त जातात, कारण कोणतीही कडी तुटली तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच: पेडल दाबले, गाडी हलली नाही.

तुटलेली कडी शोधायची कशी, याबद्दल दोन मते आहेत. एक मत कारागिराचे. ज्याचा संशय येईल तो भाग वगळून किंवा बदलून बघावा. गाडी चालली की दोष सापडला. दुसरे मत मोजणाऱ्याचे. बॅटरीपासून चाकाकडे क्रमाने जावे, प्रत्येक टप्प्यावर मीटर लावावा आणि आकड्याने सांगितल्याशिवाय एकही भाग बदलू नये. पुढील संवादात पहिले मत दुचाकी आणि रिक्षांची वायरिंग करणाऱ्या एका मिस्त्रींचे आहे, दुसरे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंचे. दोघांसमोर बाईंच्या नातवाची १२ व्होल्टची जीप आहे. मागच्या दिवाळीत घेतलेली. उन्हाळ्यात ती दहा मिनिटे चालून थांबू लागली. थोडा वेळ गेला की पुन्हा चालायची. जूनमध्ये ती गॅलरीत झाकून ठेवली गेली. आता पुन्हा दिवाळी तोंडावर आली आहे आणि जीप जागची हलत नाही.

हत्यार हातात घेण्याआधी दोन मिनिटांची एक तपासणी असते आणि तिच्याबद्दल दोघांचे दुमत नाही. रिमोट असलेल्या बऱ्याच जीपमध्ये पेडल की रिमोट हे निवडण्याचे बटण असते; ते रिमोटकडे असेल तर पेडल कितीही दाबले तरी उपयोग नाही. रिमोटवरचे थांबवण्याचे बटण दाबलेले राहिले तरी तसेच. काही रिमोट सेल बदलल्यावर आपली जीप विसरतात आणि त्यांची जोडी पुन्हा जुळवावी लागते. बहुतेकांत ठरावीक बटण दाबून धरून जीप चालू करायची असते. चार्जरची पिन सॉकेटमध्ये असताना जीप चालू नये, अशी रचना तर मुद्दाम केलेली असते. हे सगळे पाहून झाले. दिवे लागत होते, गाणे वाजत होते, चाक मात्र फिरत नव्हते.

मिस्त्री: बॅटरी गेली, बाई. पावसाळाभर पडून होती ना? नवी टाकतो, अर्ध्या तासात घेऊन जा.

बाई: मिस्त्री, काल रात्रभर चार्जिंगला होती. आज दुपारी मी मीटर लावला तर १२.४ दाखवलं. मेलेली बॅटरी १२.४ कसं दाखवेल? आणि गाणं वाजतंय ते कशावर?

या जीपमधली बॅटरी बंदिस्त लेड-ॲसिड जातीची, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची. घरच्या कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसमध्ये असते तीच वीट. वजन दोन-अडीच किलो. आत सहा घरे, प्रत्येक घर साधारण २.१ व्होल्टचे. त्यामुळे पूर्ण भरलेली आणि चार्जरवरून काढून काही तास झालेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते, १२ च्या आसपास आली की बरीचशी रिकामी झालेली असते आणि चालताना १०.५ च्या खाली तिला ओढू नये. ६ व्होल्टच्या लहान गाड्यांसाठी हे आकडे निम्मे करावेत. ज्या जीपमध्ये ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात तिथे दोन्ही वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, कारण एक अशक्त असली की ती दुसरीलाही निरुपयोगी करते. या हिशेबाने १२.४ म्हणजे निम्म्याहून अधिक भरलेली बॅटरी. बाईंची शंका रास्त होती.

मिस्त्रींनी फळीवरून हेडलाइटचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब काढला. त्याला दोन वायर सोल्डर केलेल्या होत्या. बॅटरी जीपमधून सोडवून त्यांनी बल्ब थेट तिच्या टोकांना लावला आणि बाईंना मीटर तिथेच धरून ठेवायला सांगितले. बल्ब पिवळा लागला, पाच आकडे मोजेपर्यंत तार लालसर झाली. मीटरवर १२.४ चे ७ झाले.

मिस्त्री: बैल दावणीला कितीही धिप्पाड दिसू दे, औताला जुंपल्याशिवाय कळत नाही. तुमच्या मीटरनं ओझं टाकलंच नाही.

बाई: हे मान्य. मीटर बॅटरीतून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्याचा रोध एक कोटी ओहमच्या घरात असतो. या बल्बनं साडेचार अँपिअर मागितले. गाण्याला आणि दिव्याला त्याचा लहानसा अंश पुरतो, म्हणून ते चालत राहिले.

बॅटरीच्या तपासणीतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि घरी तोच राहून जातो. ओझ्याविना घेतलेले व्होल्टेज बॅटरीची स्थिती सांगत नाही. ते फक्त तिच्या रसायनाची खूण दाखवते. धडधाकट ७ अँपिअर-अवरची बॅटरी ५५ वॅटच्या बल्बवर सुरुवातीला १२ व्होल्टच्या आसपास टिकते आणि तो बल्ब पाऊण तासाच्या आसपास पेटता ठेवते. क्षणात १० च्या खाली कोसळली तर ती कितीही वेळ चार्ज केली तरी जीप ओढणार नाही. हेडलाइटचा बल्ब नसेल तर जीपच्याच मोटरचे ओझे वापरता येते: बॅटरीवर मीटर लावून ठेवावा आणि दुसऱ्याने पेडल दाबावे.

मिस्त्री: मग? टाकू नवी?

बाई: टाका. पण मला हेही हवंय की ही का मेली. नाहीतर पुढच्या दिवाळीत मी इथेच उभी असेन.

लेड-ॲसिड बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. तिची मूळ रसायनक्रिया तेव्हापासून तीच आहे आणि तिचा मूळ दोषही. बॅटरी उतरते तेव्हा तिच्या दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते. लगेच चार्ज केली तर ते पुन्हा विरघळते. उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली तर त्या सल्फेटचे खडे मोठे आणि कडक होतात, आणि मग चार्जरचा प्रवाह त्यांना फोडू शकत नाही. पट्टीचा कामाचा पृष्ठभाग कमी होत जातो. अशा बॅटरीचे एक लक्षण घरी सहज दिसते: चार्जरचा लाल दिवा वीस मिनिटांत हिरवा होतो. घरच्यांना वाटते, लवकर भरली. खरे म्हणजे तिच्यात भरायला जागाच उरलेली नसते. बाईंच्या जीपचा दिवा असाच झटपट हिरवा झाला होता. जूनमध्ये ती थांबली त्याच स्थितीत झाकून ठेवली गेली आणि चार महिन्यांनी उघडली गेली. न वापरताही अशी बॅटरी दर महिन्याला थोडी उतरत असते, उष्णतेत अधिक वेगाने. भरून ठेवली असती आणि महिन्या-दीड महिन्याने एकदा चार्जिंगला लावली असती तर बहुधा वाचली असती.

चार्जरला निर्दोष ठरवण्याआधी तोही मोजणे भाग होते. त्याच्या मोकळ्या पिनेवर १४ ते १५ व्होल्ट यावेत. बारा व्होल्टची बॅटरी बारा व्होल्टने भरत नाही. तिला तिच्याहून वरचा दाब लागतो. पंधराच्या बराच वर जाणारा साधा चार्जर दोन-दोन दिवस लावून ठेवला तर बंदिस्त बॅटरीतले पाणी उडते आणि ते पुन्हा घालता येत नाही. बॅटरी जोडलेली असताना जीपच्या चार्जिंग सॉकेटवरही बहुधा बॅटरीचे व्होल्टेज मिळते. तिथे शून्य आणि बॅटरीवर बारा असेल तर दोष मधल्या वायरीत, फ्यूजमध्ये किंवा सॉकेटच्या वाकलेल्या पत्रीत. या जीपमध्ये दोन्ही आकडे ठीक आले.

नवी बॅटरी यूपीएसच्या दुकानातून आणली. बाईंचा आक्षेप असा की यूपीएसची बॅटरी सतत भरलेल्या स्थितीत पडून राहण्यासाठी घडवलेली असते. रोज उतरवून भरण्यासाठी बनवलेली तेवढ्याच मापाची बॅटरी मिळते आणि जास्त टिकते. मिस्त्रींचे उत्तर असे की ती गावात मिळत नाही. आक्षेप खरा आहे, उत्तरही खरे आहे. यूपीएसची बॅटरी चालते, आयुष्य थोडे कमी भरते. माप आणि अँपिअर-अवर तेच हवे, लाल वायर लाल टोकालाच हवी, आणि टोकांची रुंदी तपासायला हवी. एकसारख्या दिसणाऱ्या या बॅटऱ्यांची टोके दोन मापांत येतात, ४.८ आणि ६.३ मिलिमीटर. बारीक टोकावर रुंद थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची पत्री, बसवले तर ते बसल्यासारखे वाटते, पण बसत नाही.

मागची चाके विटांवर उचलून पेडल दाबले. दोन्ही चाके फिरली. मिस्त्रींनी हात पुसले. बाईंनी नातवाच्या वजनाची, २० किलोची तांदळाची गोणी सीटवर ठेवायला सांगितली आणि जीप रिमोटवर दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत फिरवली. दहाव्या मिनिटाला ती थांबली.

मिस्त्री: फ्यूज कमजोर झालाय. हा बघा, गरम लागतोय. काढून डायरेक्ट करतो.

बाई: नाही.

मिस्त्री: बाई, बारा व्होल्ट आहे. शॉक बसत नाही कुणाला.

बाई: शॉकची गोष्टच नाही. आगीची आहे.

संवादातला खरा मतभेद इथे आहे, आणि या ठिकाणी बाईंची बाजू निःसंशय बरोबर आहे. बहुतेक जीपमध्ये बॅटरीजवळचा फ्यूज आपोआप परत जोडला जाणारा असतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह काही काळ वाहिला की तो तापून मार्ग तोडतो आणि निवला की पुन्हा जोडतो. काही मिनिटे चालणे, थांबणे, विश्रांतीनंतर पुन्हा चालणे ही त्याची ओळख. म्हणजे उन्हाळ्यापासून फ्यूज सांगत होता की प्रवाह जास्त जातो आहे. त्याला काढून टाकले तर जास्तीचा प्रवाह तसाच राहतो, फक्त सांगणारा जातो. बारा व्होल्टला माणसाच्या कोरड्या कातडीतून शॉक बसत नाही हे खरे. पण ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर शंभराहून अधिक अँपिअर देऊ शकते, आणि बारीक वायरीवरचे प्लास्टिक वितळायला काही सेकंद पुरतात. जीपचे अंग प्लास्टिकचे आणि त्यात मूल बसलेले.

अमेरिकेत यावर मोठी किंमत मोजली गेली आहे. २२ ऑक्टोबर १९९८ रोजी तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने आणि फिशर-प्राइस कंपनीने ‘पॉवर व्हील्स’ मालिकेतील १ कोटीपर्यंत वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावली. विद्युत भाग निकामी होऊन तापल्याच्या सुमारे ७०० तक्रारी होत्या, त्यांत सुमारे १५० आगी. ९ मुलांना किरकोळ भाजले होते. काही गाड्या पेडल सोडूनही थांबत नव्हत्या. तापणे हे लक्षण किती गंभीरपणे घ्यावे, हे त्या आकड्यांवरून कळते.

मिस्त्री: मी रोज रिक्षांचे फ्यूज डायरेक्ट करतो, बाई. माणूस रस्त्यावर अडकलेला असतो.

बाई: आणि गॅरेजला पोचल्यावर?

मिस्त्री: पोचल्यावर फ्यूज टाकतो. ते बरोबर. डायरेक्ट करून बघणं वेगळं, डायरेक्ट करून ठेवणं वेगळं.

बाई: एवढंच तर म्हणतेय मी.

मिस्त्रींनी केलेला हा भेद दुरुस्तीच्या पुस्तकात छापण्याजोगा आहे. डायरेक्ट करून बघणे ही निदानाची रीतसर पद्धत आहे, आणि जी जीप मुळीच हलत नाही तिच्यात तर तिच्याइतके झटपट उत्तर कोणताही मीटर देत नाही. चाके वर उचलावीत, मोटरच्या वायरींचे कपलर सोडवावे आणि मधे फ्यूज ठेवून बॅटरीचा सप्लाय दोन सेकंद थेट मोटरला द्यावा. मोटर फिरली तर मोटर आणि गिअर बॉक्स सुटले. दोष मागे, पेडल, बटण किंवा रिसीव्हरमध्ये. नाही फिरली तर रिसीव्हर बदलायचा खर्च वाचला.

तशा जीपमध्ये पुढचा शोध कानाने होतो. पेडल दाबल्यावर रिसीव्हरच्या डबीतून रिलेचा ‘टक’ असा आवाज येतो का ते ऐकावे. आवाज येतो पण मोटरला सप्लाय मिळत नाही, तेव्हा रिलेचे संपर्क जळालेले असतात. आवाजच येत नसेल तर हुकूम पोचत नाही: पेडलखालचा मायक्रोस्विच, पुढे-मागेचे बटण किंवा रिमोट. मायक्रोस्विच धूळ आणि सरबताने चिकटतो, मीटरच्या बझरवर तो लगेच उघडा पडतो. रिसीव्हर नसलेल्या जुन्या किंवा साध्या गाड्यांत मोटरचा पूर्ण प्रवाह पेडल आणि बटणातूनच वाहतो. तिथे बटणाचे पाय काळे पडलेले सापडतात. रिसीव्हर कायमचा वगळून मोटर थेट पेडलला जोडण्याचा मोह इथे होतो. पण बहुतेक जीपना वेगळा ब्रेक नसतो. पेडल सोडले की मोटरची दोन टोके आतल्या आत जोडली जातात, फिरणारी मोटर क्षणभर जनरेटर होते आणि स्वतःलाच अडवते. ब्रेक तो इतकाच. चुकीच्या रीतीने डायरेक्ट केलेली जीप पेडल सोडल्यावर उतारावर घरंगळत राहते.

बाईंच्या जीपमध्ये हे सगळे भाग ठीक होते, कारण जीप चालत होती. प्रश्न जास्तीच्या प्रवाहाचा होता. फ्यूज निवेपर्यंत बॅटरीची वायर सोडवली, तेव्हा मिस्त्रींना लाल वायरीच्या थिंबलवरचे प्लास्टिक तपकिरी पडलेले दिसले.

बाई: मी बझर लावून बघितलं होतं. बीप वाजलं. जोड ठीक आहे.

मिस्त्री: बीप कशालाही वाजतं. वायर ओढून बघा. दोन तारा तर राहिल्यात.

इथे मिस्त्री बरोबर होते. बहुतेक मीटरचा बझर तीस-पन्नास ओहमपर्यंतच्या रोधाला वाजतो. मोटरच्या मार्गात तर एक ओहमसुद्धा फार झाला. जोडात केवळ ०.१ ओहम रोध असेल आणि १५ अँपिअर वाहत असतील तर तिथे दीड व्होल्ट खर्च होतात आणि २२ वॅटहून अधिक उष्णता निघते, म्हणजे घरगुती २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नइतकी, तीही प्लास्टिकच्या टोपीखाली. असा जोड शोधायचा योग्य मार्ग म्हणजे ओझे चालू असताना त्याच्या दोन्ही बाजूंना मीटरची टोके ठेवणे. चांगल्या जोडावर व्होल्टच्या दहाव्या भागाहूनही कमी दिसावे. अर्धा-एक व्होल्ट दिसला की तो जोड कापून नवा करावा. थिंबल नुसते पॉलिश पेपरने घासून पुन्हा चेपणे थोडेच दिवस टिकते, कारण सैल पडलेल्या पत्रीची पकड परत येत नाही. मिस्त्रींनी वायर मागे कापली, चकचकीत तांबे दिसेपर्यंत सोलली, नवे थिंबल दाबून वर आवरण चढवले.

जोड नवा झाला, तरी खराब जोड हे ज्यादा प्रवाहाचे कारण नसते. तो उलट प्रवाह अडवतो. म्हणून मोटरकडे जाणे आले. चाके पुन्हा विटांवर. बाईंच्या मीटरला १० अँपिअरपर्यंत मोजता येते, त्यासाठी लाल वायर वेगळ्या भोकात घालावी लागते, आणि काम झाल्यावर ती परत जागेवर आणावी लागते. नाहीतर पुढच्या वेळी व्होल्टेज मोजताना बॅटरीच शॉर्ट होते. बाजारातले स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त घरच्या एसी प्रवाहाचे असतात; डीसी मोजणारा वेगळा मागून घ्यावा लागतो. एका वेळी एकच मोटर जोडून आकडे घेतले. उजवी मोटर सुमारे २ अँपिअर घेत होती. डावी ५ च्या वर.

बाई: डावी मोटर गेली. आतल्या आत शॉर्ट होत असणार. कार्बन ब्रश झिजले असतील.

मिस्त्री: मोटर नाही, बाई. आवाज ऐका. मोटर गेली की फिरताना मधेच अडखळते, वास येतो. ही दबून चाललीय. कुणीतरी धरून ठेवल्यासारखी.

आकड्याने बाजू दाखवली होती, जागा नव्हती. मोटर ज्यादा प्रवाह दोन कारणांनी घेते: स्वतः बिघडली म्हणून, किंवा पुढचे ओझे जड झाले म्हणून. दोन्ही वेळी मीटर तेच सांगतो. त्यांच्यात फरक करायचा तर मोटर गिअर बॉक्सपासून सोडवून एकटी फिरवावी, किंवा दोन्ही बाजूंच्या मोटर अदलाबदल करून दोष कोणाबरोबर जातो ते पाहावे. मिस्त्रींनी चाक हाताने फिरवले, कपलर सोडवून, म्हणजे ब्रेकचा अडथळा मधे येणार नाही. उजवे चाक सलग जड फिरले, जसे फिरायला हवे. डावे चाक एका जागी अडत होते. चाकाची टोपी काढली, कॉटर पिन ओढली, चाक बाहेर घेतले. चाक आणि गिअर बॉक्स यांच्यामधल्या धुऱ्यावर पतंगाचा मांजा गुंडाळलेला होता, गच्च, बोटभर जाडीचा, त्यात वाळू आणि ग्रीस मिसळून काळे झालेले.

मग क्रम लागला. संक्रांतीनंतर गच्चीत आणि आवारात मांजाचे तुकडे पडलेले असतात. जीप त्यावरून गेली, धुऱ्याने दोरा ओढून घेतला. उन्हाळ्यात चाकावरचे ओझे वाढले, डावी मोटर जास्त प्रवाह घेऊ लागली, फ्यूज दहा मिनिटांनी तापू लागला, लाल वायरीचा आधीच सैल असलेला जोड भाजला. घरच्यांना वाटले बॅटरी कमजोर. थांबलेली जीप उतरलेल्या बॅटरीसह झाकून ठेवली गेली आणि बॅटरी खरोखर मेली. बॅटरी हे कारण नव्हते, शेवटचा परिणाम होता. केवळ बॅटरी बदलून जीप घरी नेली असती तर ती पहिल्या संध्याकाळी दहा मिनिटे चालली असती.

मांजा ब्लेडने कापून काढल्यावर गिअर बॉक्स उघडला. या गिअर बॉक्समध्ये मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे मारणाऱ्या मोटरचा वेग तीन-चार दातेरी चाकांतून उतरवून टायरला दिला जातो. चाके नायलॉनची असतात. दात तुटले असतील तर मोटर फिरते, टकटक आवाज येतो आणि टायर थांबून राहतो. तेव्हा अख्खा गिअर बॉक्स मोटरसह बदलणे सोपे पडते. पण नवा घेताना मोटरच्या पिनियनचे दात मोजून जुन्याशी जुळवावेत. इथे दात शाबूत होते. जुने ग्रीस पुसून नवे भरले. पुन्हा जोडल्यावर डावी मोटर सव्वादोन अँपिअरवर आली. जोडणीत एक चूक हमखास होते: एका मोटरच्या दोन वायर उलट लागतात आणि दोन चाके परस्परविरुद्ध फिरतात. चाके जमिनीवर टेकवण्याआधी ते पाहून घ्यावे.

मिस्त्री: तुमचा मुलगा मागच्या महिन्यात विचारत होता, हिला अठरा व्होल्ट लावता येतील का म्हणून. पोरं वेग मागतात. मी दोन जणांना करून दिलंय.

बाई: मोटर अडली की उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, मिस्त्री. बाराचे अठरा केले तर सव्वादोन पट. फ्यूज तोच, वायर तीच, नायलॉनचे दात तेच.

मिस्त्री: चालतात त्यांच्या गाड्या अजून.

बाई: चालतील. मांजा अडकेपर्यंत.

यावर दोघांचे एकमत झाले नाही. मिस्त्रींचे म्हणणे, गिऱ्हाईक मागते, आणि त्यांनी नाही केले तर शेजारचा करतो. पण भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे (बीआयएस) चिन्ह बंधनकारक आहे. विद्युत खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे आणि त्या चिन्हामागे चाचणी असते ती गाडी जशी विकली जाते तशी. अठरा व्होल्ट लावलेली जीप त्या चाचणीतून गेलेली जीप उरत नाही. लिथियमची बॅटरी त्याच जुन्या चार्जरवर लावणे त्याहून धोक्याचे. त्या रसायनाला स्वतःचा चार्जर आणि संरक्षक सर्किट लागते.

शेवटची चाचणी पुन्हा तांदळाच्या गोणीसह झाली. पंधरा मिनिटे रिमोटवर, त्यांत पाच मिनिटे चढावर. जीप थांबली नाही. लगेच बॅटरी सोडवून मिस्त्रींनी फ्यूज, थिंबल आणि दोन्ही मोटरच्या पाठी बोटांनी चाचपल्या. मोटर कोमट होत्या, दोन्ही सारख्याच. जोड थंड होते. बाईंनी त्यांवर मीटर लावलाच नाही.

जुनी बॅटरी दुकानातच ठेवली गेली. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. ते कचऱ्यात गेले तर माती आणि पाण्यात उतरते, वितळवून पुन्हा वापरले तर नवी बॅटरी होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि बॅटरीचे दुकानदार जुनीच्या वजनावर नवीच्या किमतीतून पैसेही वजा करून देतात. फुगलेली किंवा चिरलेली बॅटरी मात्र घरी चार्जिंगला लावून पाहू नये. चार्ज होताना या बॅटरीतून थोडा हायड्रोजन सुटू शकतो, म्हणून चांगली बॅटरीही बंद कपाटात किंवा पलंगाखाली भरत ठेवू नये. सीट उघडी ठेवून मोकळ्या जागी भरावी. एक अँपिअरच्या चार्जरला रिकामी ७ अँपिअर-अवरची बॅटरी भरायला आठ ते बारा तास लागतात. खेळ संपला की त्याच दिवशी लावावी, दुसऱ्या दिवशी काढावी.

सीट बसवण्याआधी मिस्त्रींनी मार्कर घेऊन नव्या बॅटरीच्या पाठीवर तारीख लिहिली. बाईंनी त्याखाली बल्बवर घेतलेला आकडा लिहून घेतला: १२.२.